गर्भाशयात एक, नलिकेत एक

व्याख्या आणि प्रमाण
एक गर्भ गर्भाशयात आणि त्याच वेळी दुसरा बाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजला, तर त्या अवस्थेला हेटरोटॉपिक गर्भधारणा म्हणतात. १७०८ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ द्युव्हर्ने यांना ती शवविच्छेदनात आढळली. नैसर्गिकरीत्या दिवस राहिल्यास प्रमाण सुमारे ३०,००० मध्ये एक, असे जुने गणित आहे. टेस्ट ट्यूब बेबी उपचारांनंतर ते हजारात एक ते शंभरात एक इतके वाढते. नलिकेचा पूर्वीचा जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया, तसेच स्त्रीबीज वाढवणारी औषधे यांमुळेही शक्यता वाढते.

निदान का हुकते
एरवी अस्थानी, म्हणजे गर्भाशयाबाहेरील, गर्भात गर्भाशय रिकामे दिसते आणि तेथूनच शोध सुरू होतो. येथे गर्भाशयात गर्भाची पिशवी दिसते, पुढे बाळाचे ठोकेही मिळतात आणि तपासणी तेवढ्यावरच थांबते. रक्तातील बीटा-एचसीजी हे गर्भधारणेचे संप्रेरकही उपयोगी पडत नाही, कारण गर्भाशयातील गर्भामुळे ते नेहमीसारखेच वाढते. ओटीपोटातील दुखणे अंडाशयातील कॉर्पस ल्युटियमच्या गाठीच्या माथी मारले जाते. म्हणून योनीमार्गे सोनोग्राफी करताना दोन्ही बाजूंच्या नलिका व अंडाशय पाहणे आवश्यक असते. अंडाशयापासून वेगळी सरकणारी कडीसारखी आकृती किंवा पोटात साठलेले रक्त दिसल्यास संशय बळावतो. नलिका फुटल्यावर कधी खांद्यात कळ येते: रक्तामुळे श्वासपटल चेतते आणि त्याची संवेदना खांद्याच्या मज्जातंतूंच्याच मुळांकडे जाते. पहिल्या तपासणीत काही न दिसणे हा निर्वाळा नव्हे. दुखणे टिकले तर सोनोग्राफी पुन्हा करावी लागते.

उपचार
एरवी अस्थानी गर्भासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध येथे वर्ज्य, कारण ते गर्भाशयातील गर्भालाही मारक ठरते. सहसा दुर्बिणीतून बाधित नलिका काढतात. रुग्ण कोसळली असेल तर पोट उघडून. नलिका न फुटलेली आणि प्रकृती स्थिर असल्यास निवडक रुग्णांत त्या गर्भात पोटॅशियम क्लोराइड टोचतात. उपचारांनंतर सुमारे दोन-तृतीयांश गर्भाशयस्थ गर्भ टिकतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन लागते.

धाराशिव जिल्ह्यात
येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. तरी आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात उमरगा किंवा परांड्याहून धाराशिव गाठण्यातच बराच वेळ जातो, आणि फुटलेल्या नलिकेतून रक्त वाहत असते. दरमहा ९ तारखेचे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान मुख्यतः चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भवतींसाठी आहे. हा धोका बहुधा पाचव्या ते आठव्या आठवड्यात उभा राहतो. त्यामुळे आशा कार्यकर्तीच्या पहिल्या नोंदीतच वंध्यत्वाच्या उपचारांचा आणि पूर्वीच्या अस्थानी गर्भाचा उल्लेख असणे अधिक मोलाचे.