विट्यातल्या दंडापर्यंत आलेला विषाणू

२०२१ साली लसीकरण केंद्रावर परिचारिका कोव्हिशिल्डची कुपी उघडायच्या आणि तिच्यावर वेळ लिहायच्या. कुपीत दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. उघडल्यापासून चार तासांत संपवायचे. त्यामुळे माणसं जमेपर्यंत थांबणं आलंच. सांगली जिल्ह्यातल्या विट्यात हे चित्र होतं, तसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेल्या खानापूर-आटपाडीच्या माणसांच्या मुक्कामीही. एका डोसात सुमारे पाच हजार कोटी अ‍ॅडिनोव्हायरस असत. इतके विषाणू टोचून घेऊनही त्यांची लागण का होत नाही, हे लोकांना नीट समजावून सांगायला हवं होतं. ते पुरेसं झालं नाही, आणि अफवांचं फावलं.

या विषाणूशी माणसाची ओळख जुनी आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत वॉलेस रो आणि सहकाऱ्यांना तो मुलांच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथींत सापडला; नाव तिथूनच पडलं. सर्दी, घसादुखी, डोळे येणं ही त्याची नेहमीची कामं.

तो पेशीत शिरतो कसा, हे उलगडायला पुढची चार दशकं गेली. त्याच्या कवचाला वीस बाजू आणि बारा टोकं. प्रत्येक टोकातून एक तंतू बाहेर आलेला. तंतूच्या शेंड्याची गाठ पेशीवरच्या ‘कार’ या प्रथिनाला चिकटते. शेजारच्या पेशी एकमेकींना सांधून ठेवणं हे त्या प्रथिनाचं खरं काम, पण विषाणू त्याचाच आधार घेतो. मग तंतूच्या बुडाचं प्रथिन पेशीवरच्या इंटिग्रिनला धरतं आणि पेशी विषाणूला पिशवीत गुंडाळून स्वतःच आत ओढते. वाटेत कवच उसवतं, आतलं एक प्रथिन पिशवी फोडतं. सुटलेला विषाणू सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकापर्यंत जातो आणि तिथल्या छिद्रातून आपला डीएनए आत सोडतो. हा डीएनए सहसा माणसाच्या गुणसूत्रांत मिसळत नाही, बाजूलाच राहतो.

इतक्या सराईतपणे आत जाणाऱ्याकडून जनुकं पोहोचवून घ्यावीत, हा विचार मग ओघानेच आला. विषाणूचा ‘ई-१’ हा जनुकभाग काढला की त्याची वाढ थांबते. नेमका तोच भाग सामावलेल्या पेशी फ्रँक ग्रॅहम यांनी १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला तयार केल्या. असा अपुरा विषाणू त्या पेशींत वाढतो, माणसात वाढत नाही. दंडात टोचूनही लागण न होण्याचं कारण हेच.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला. यकृताच्या धमनीतून त्याला सुमारे ३८ लाख कोटी विषाणूकण दिले होते, कोव्हिशिल्डच्या एका डोसाच्या सातशे पटींहून जास्त. त्याच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा भडकली. जनुकोपचाराचं क्षेत्र त्या मृत्यूने वर्षानुवर्षं मागे गेलं, आणि सुरक्षेचे नियम कडक झाले.

दुसरी अडचण म्हणजे अनेकांच्या रक्तात मानवी अ‍ॅडिनोव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच असतात. म्हणून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चिंपांझीमधला विषाणू निवडला. त्याच्यावर बेतलेला वाहक त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केला. आठ वर्षांनी त्यात करोनाच्या काटेरी प्रथिनाचं जनुक बसवलं गेलं; तीच ही कोव्हिशिल्ड लस. घाईत आलेली लस म्हणून तिला हिणवणाऱ्यांना ही आधीची वर्षं दिसलीच नाहीत.

भारतातल्या चाचणीचे पहिले डोस २६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्याच्या भारती विद्यापीठ रुग्णालयात दिले गेले. विट्याशेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या सोनसळच्या पतंगराव कदमांनी उभी केलेली ही संस्था. ३ जानेवारी २०२१ ला परवानगी मिळाली, १२ तारखेला सीरम इन्स्टिट्यूटमधून लसीचे पहिले ट्रक निघाले आणि १६ तारखेला देशभर लसीकरण सुरू झालं. पुढे देशात दिलेल्या डोसांपैकी बहुतेक याच लसीचे होते.

त्याच वर्षी युरोपात ही लस घेतलेल्यांमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचे अतिशय विरळ, पण काही वेळा जीवघेणे रुग्ण आढळले. विषाणूचं कवच रक्तातल्या ‘पीएफ-४’ या प्रथिनाला चिकटतं, असं संशोधनातून पुढे आलं. डिसेंबर २०२१ पासून सीरमने कोव्हिशिल्डचं उत्पादन थांबवलं. वर्षभराने, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेत एका नव्या औषधाला मान्यता मिळाली. त्यात अ‍ॅडिनोव्हायरस इंटरफेरॉनचं जनुक मूत्राशयाच्या पेशींत पोहोचवतो. बीसीजी उपचाराला दाद न देणाऱ्या, मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कर्करोगासाठी ते दर तीन महिन्यांनी थेट मूत्राशयात सोडतात.