पवईच्या काठावरच्या गप्पा

गळ टाकून बसणारी माणसे अबोल असतात, हा माझा समज पवई तलावाच्या काठी खोटा ठरला. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून आमिष किती खोल सोडावे यावर तेथे तासन् तास वाद चालतो. (आमच्या वर्गात इतका रंगत नाही!) थंडीत मगर ऊन खायला काठावर आली की विषय बदलतो.

काळजीची गोष्ट जलपर्णीची. १८९१ साली बांधलेल्या या तलावात सांडपाणी मिसळले की ती माजते, पाण्याला ऊन लागू देत नाही आणि कुजताना प्राणवायू संपवते. मग पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात. त्या वेळी गळ टाकू नये, असे एका आजोबांनी मला बजावले.