क्रियाविशेषण ओळखताना फसगत का होते?

शालेय परीक्षा असो की स्पर्धा परीक्षा, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ हा प्रश्न हमखास आढळतो. नाम किंवा क्रियापद विचारले असल्यास उत्तर सहसा चुकत नाही. क्रियाविशेषणापाशी मात्र भल्याभल्यांची गाडी अडते. त्याचे कारण बहुतेकदा पाठांतरात दडलेले असते. ‘मागे’, ‘वर’, ‘खाली’, ‘फार’, ‘छान’ या शब्दांच्या याद्या पाठ केल्या जातात. परंतु शब्दाची जात यादीवरून नव्हे, तर वाक्यातील कार्यावरून ठरते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तर मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. आज शाळेत शिकवल्या जाणाऱ्या शब्दांच्या आठ जातींपैकी नाम, सर्वनाम, विशेषण व क्रियापद या विकारी. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी ही चार अव्यये अविकारी होत.

क्रियाविशेषण प्रामुख्याने क्रियेविषयी अधिक माहिती देते. म्हणून पहिली कसोटी सोपी आहे : क्रियापदाला केव्हा, कोठे, कसे, किती असे प्रश्न विचारावेत. ‘पाहुणे काल आले’ (केव्हा?), ‘मुले तिथे खेळतात’ (कोठे?), ‘आजोबा सावकाश चालतात’ (कसे?) यांतील ‘काल’, ‘तिथे’, ‘सावकाश’ ही क्रियाविशेषणे ठरतात.

विशेषणाशी होणारी गल्लत सर्वाधिक. ‘छान चित्र’ येथे ‘छान’ हा शब्द नामाचा गुण सांगतो, म्हणून तो विशेषण. ‘ती छान गाते’ येथे तो गाण्याची रीत सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. आणि ‘छान! असेच लिहीत जा’ येथे तोच शब्द उद्गार बनून केवलप्रयोगी होतो. शब्द एक, जाती तीन.

शब्दयोगी अव्ययाची खूण लेखनातच दिसते. ते नामाला किंवा सर्वनामाला जोडून येते आणि त्या शब्दाचे बहुधा सामान्यरूप होते. ‘घरामागे विहीर आहे’ यातील ‘मागे’ शब्दयोगी. ‘तो मागे राहिला’ यातील ‘मागे’ स्वतंत्र, म्हणून क्रियाविशेषण. हा भेद केवळ गुणांपुरता नाही. ‘मुला, मागे बस’ आणि ‘मुलामागे बस’ या दोन वाक्यांत बसणारी व्यक्तीच बदलते. ‘टेबला वर’, ‘रस्त्या खाली’ असे तोडून लिहिण्याची चूकही हा भेद लक्षात न घेतल्यानेच होते.

आणखी एक पेच उरतो. ‘मुलगा चांगला गातो’, ‘मुलगी चांगली गाते’ येथे ‘चांगला’ क्रियेविषयीच सांगतो. पण कर्त्याप्रमाणे बदलतोही. ‘मुलगा सावकाश चालतो’, ‘मुलगी सावकाश चालते’ येथे ‘सावकाश’ मात्र तसाच राहतो. म्हणून ‘सावकाश’ हे क्रियाविशेषण अव्यय, तर ‘चांगला’ हे क्रियाविशेषण असले तरी अव्यय नव्हे. पर्यायांत दोन्ही नावे दिली असतील, तर नेमका इथेच गुण जातो.

नामांपासूनही क्रियाविशेषणे साधली जातात. ‘सकाळ झाली’ यात ‘सकाळ’ नाम आहे. ‘तो सकाळी फिरतो’ यात ‘सकाळी’ फिरण्याची वेळ सांगते. ‘रात्री’, ‘दिवसा’ ही रूपेही अशीच.

सारांश, उत्तर लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : शब्द कोणाविषयी सांगतो, तो सुटा आहे की जोडलेला आणि कर्त्याचे लिंग-वचन पालटल्यावर तो बदलतो का. वाक्य पुरते वाचल्याशिवाय या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. व्याकरणाचा खरा अभ्यास म्हणजे शेवटी वाक्य नीट वाचण्याचाच अभ्यास होय.