व्हॉल्व्हच्या पाठीवरचा कार्बन

आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ही किर्लोस्करांच्या कारखान्याची वसाहत 1910 साली वसली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा नांगरांचा कारखाना 1922 मध्ये सुरू झाला आणि 1930च्या दशकात तिथे डिझेल इंजिनही तयार होऊ लागलं. त्यामुळे सातारा-सांगलीला इंजिनाचं अप्रूप राहिलं नाही. विहिरीवरच्या इंजिनाचं हेड उतरवायचं, पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडायचा, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, हे काम इथले फिटर पिढ्यान्‌पिढ्या करत आले. जाळ असेल तिथे काजळी धरणार, हा त्यांचा साधा हिशेब होता.

जर्मन गाड्यांच्या डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनात हा हिशेब चुकतो. त्रास देणारा कार्बन इथे जाळाच्या अलीकडे, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर धरतो. जुन्या पद्धतीच्या एमपीआय (मल्टी-पॉइंट इंजेक्शन) इंजिनात इंजेक्टर पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारतो. ते व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत सिलेंडरमध्ये उतरतं आणि पेट्रोलमधली डिटर्जंट जाताजाता व्हॉल्व्ह धुऊन काढतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल शेकडो बारच्या दाबानं थेट सिलेंडरमध्येच सोडलं जातं. व्हॉल्व्हला पेट्रोलचा थेंब लागत नाही. दुसरीकडे, पिस्टनच्या रिंगांतून निसटलेले वायू क्रँककेसमधून पुन्हा इनटेकमध्ये पाठवावे लागतात, कारण ते बाहेर सोडायला कायद्यानं बंदी आहे. त्यांच्याबरोबर इंजिन ऑइलची बारीक वाफ येते. ती तापलेल्या व्हॉल्व्हवर बसते, करपते, त्यावर पुढचा थर चढतो. तव्यावर सांडलेलं तेल न पुसता पुन्हापुन्हा तापवावं, तसा हा चिवट काळा थर असतो.

मग जर्मनांनी हा मार्ग धरला कशासाठी? सिलेंडरमध्ये फवारलेलं पेट्रोल तिथल्या तिथे वाफ होताना आतली हवा थंड करतं. त्यामुळे नॉकिंग, म्हणजे मिश्रणानं आपोआप पेटून ठोके देणं, लांबतं, कॉम्प्रेशन वाढवता येतं, टर्बोचा दाब सोसतो. 2020च्या फोक्सवॅगन पोलोत एक लिटरचं एमपीआय इंजिन 95 न्यूटन मीटर टॉर्क देत होतं आणि तेवढ्याच आकाराचं टीएसआय, म्हणजे टर्बो लावलेलं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन, 175. खंबाटकीचा घाट चढताना हा फरक पायाला कळतो. डायरेक्ट इंजेक्शनची कल्पना अलीकडचीही नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानांच्या डेमलर-बेंझ इंजिनांत ती होती आणि 1954च्या मर्सिडीझ 300 एसएलमध्येही होती. मला हे इंजिन मनापासून आवडतं आणि म्हणूनच त्याची ही खोड झाकून ठेवावीशी वाटत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न 1 एप्रिल 2020नंतर जास्त जवळचा झाला. प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले तेव्हा फोक्सवॅगननं भारतात डिझेल गाड्या बंद केल्या. ज्या ग्राहकानं वर्षानुवर्षं टीडीआय डिझेल चालवली, त्याच्या हाती टीएसआय आलं. सवयी मात्र डिझेलच्याच राहिल्या. त्यातून सांगली-मिरज ही दहाएक किलोमीटरची धाव. इंजिन पुरतं तापण्याआधीच गाडी बंद होते, पेट्रोल आणि पाणी तेलात मिसळून राहतं. लांबच्या प्रवासानं जमलेला कार्बन निघत नाही, पण तेलातलं हे पाणी-पेट्रोल उडून जातं.

लक्षणं फसवी असतात. सकाळी सुरू केल्यावर इंजिन मिस मारतं, आयडलिंगला थरथरतं, पिकअप पडतो. स्कॅनर मिसफायर दाखवतो, कार्बन दाखवत नाही. मग प्लग बदलतात, कॉइल बदलतात आणि टाकीत क्लीनरची बाटली ओततात. ती बाटली इंजेक्टर साफ करील. व्हॉल्व्हच्या पाठीचं मात्र काहीच करणार नाही, कारण टाकीतलं पेट्रोल तिथे जातच नाही. हे गिऱ्हाइकाला न सांगता बाटली विकणं मला अन्यायाचं वाटतं.

खरा इलाज अक्रोडाच्या टरफलांचा. इनटेक मॅनिफोल्ड उतरवायचा, क्रँक फिरवून एकेका सिलेंडरचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचे आणि दळलेली टरफलं हवेच्या दाबानं मारायची. शेजारीच लावलेला व्हॅक्यूम ती ओढून घेतो. टरफल कार्बन फोडण्याइतकं कठीण असतं, पण धातूला ओरखडा काढत नाही. व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला तर मात्र तो चुरा सिलेंडरमध्ये जातो, म्हणून हे काम घाईचं नाही. हेड न उतरवता ते होतं, हे जुन्या फिटरला विशेष वाटावं.

कायमचा उपाय कारखान्यांना माहीत आहे. टोयोटानं 2005पासून काही इंजिनांत सिलेंडरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या आधी, अशा दोन्ही जागी इंजेक्टर बसवले. फोक्सवॅगन समूहानंही 1.8 आणि 2 लिटर इंजिनांच्या तिसऱ्या पिढीत तसं केलं, पण सगळ्या बाजारांसाठी नाही. खर्च वाढतो हे खरं, तरी लाखो रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला व्हॉल्व्ह धुणारा इंजेक्टर मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

जुनी स्कोडा लॉरा किंवा सुपर्ब 1.8 टीएसआय घेणाऱ्यानं आणखी सावध राहावं. या गाड्यांतल्या जुन्या पिढीच्या इंजिनांत ऑइल रिंगा कमकुवत होत्या, तेल जळत असे. तेल जास्त जळलं की व्हॉल्व्हवर जास्त बसतं. टायमिंग चेनच्या टेन्शनरचं दुखणं वेगळंच. अशा गाडीचा रंग आणि सीट पाहण्याआधी दोन सर्व्हिसच्या मधे किती तेल वर घालावं लागलं ते विचारावं, थंड इंजिन स्वतः सुरू करून ऐकावं आणि मेस्त्रीला कॅमेरा आत घालून व्हॉल्व्ह दाखवायला लावावेत.