मथळ्याच्या अक्षराला बोरूचा कट हवा

पनवेल हे मुंबई लोकलच्या हार्बर मार्गाचे शेवटचे स्टेशन. या लोकलच्या जगात पेंटरांनी चपट्या ब्रशने रंगवलेल्या पाट्यांची मोठी परंपरा आहे. दांडी भरीव, वळण मध्येच बारीक, आणि लांबूनही वाचता येईल असे ठसठशीत अक्षर. या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी ‘यात्रा वन’ हा देवनागरी फाँट घडवला. त्यातल्या रोमन अक्षरांनाही त्यांनी देवनागरी लेखणीचा कोन दिला. एरवी देवनागरीलाच रोमनच्या मागे फरफटावे लागते, म्हणून हे काम मोलाचे.

मथळ्यासाठी जाड-बारीक अक्षर वापरण्याची रोमन परंपरा जुनी आहे. 18व्या शतकाच्या अखेरीस इटलीत बोदोनी आणि फ्रान्समध्ये दिदो यांनी उभ्या रेषा जाड, तर आडव्या रेषा आणि टोकांचे सेरिफ केसासारखे बारीक केले. 19व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी ही जाडी आणखी वाढवली गेली. ‘फॅट फेस’ म्हणतात ते हेच.

देवनागरीचे गणित वेगळे आहे. तिचे वळण बोरूच्या लेखणीचे, आणि बोरूची जीभ तिरकी कापलेली असते. त्यामुळे उजवीकडून डावीकडे उतरणारी रेषा जाड येते, डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. दांडी आणि शिरोरेघ साधारण सारख्याच जाडीच्या. बोदोनीचा नियम इथे जसाच्या तसा लावला तर शिरोरेघ बारीक होते आणि शब्दाला धरून ठेवणारा आधारच कमकुवत होतो. मुंबईत 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींच्या टाइपाचा नावलौकिक झाला, तो राणूजी आरूंसारख्या कारागिरांनी हे वळण पोलादी ठशात जपले म्हणून.

आज असा ठसठशीत टाइप फुकट मिळतो. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ 2014 पासून खुला आहे. देवनागरी आणि रोमन, दोन्हींत जाड-बारीकपणा टोकाचा. पण तो मथळ्यापुरताच वापरावा. मजकुराच्या आकारात बारीक रेषा तुटतात आणि वर्तमानपत्री कागदावर शाई पसरून ‘द्ध’, ‘क्ष’ यांची पोटे भरतात. दोन ओळींचा मथळा असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत इतके अंतर ठेवावे. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, हेही तपासावे. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयाने तीच रूपे प्रमाण ठरवली आहेत.

पनवेलच्या डीटीपी चालकांना, दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि नाटकांच्या जाहिराती करणाऱ्यांना एवढीच विनंती: मथळा संगणकावर नुसता फुगवून जाड करू नका. मथळ्यासाठीच घडवलेला टाइप निवडा, आणि त्यात बोरूचे वळण आहे ना, ते आधी पाहा.