न दुखणारं दुखणं

दाढ ठणकू लागली की माणूस रात्री दोनला उठून लवंग शोधतो आणि सकाळी डॉक्टरांच्या दारात उभा राहतो. हिरडीचं तसं नाही. ती सुजते, लालभडक होते, दात घासताना थुंकीत रक्त उतरतं, तोंडाला वास येतो. पण दुखत नाही. आणि जे दुखत नाही ते आपल्याकडे दुखण्यात मोजलंच जात नाही. ‘उष्णता झालीय’ म्हणायचं, तुरटीच्या पाण्याने दोन चुळा भरायच्या, की झालं!

माझ्या सासूबाईंचंही असंच वर्षानुवर्षं चाललं होतं. वय सत्तावन्न. कामणदुर्गाच्या पायथ्याशी, वसई तालुक्यातल्या आमच्या कामण गावात त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सोबत मिश्रीची डबीही आली. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटाने दातांवर फिरवायची. पुढे ते सकाळपुरतं राहत नाही. लावणीला वाकण्याआधी एकदा, जेवणानंतर एकदा, करमत नाही म्हणून एकदा. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने 1992 साली बंदी केली खरी, पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार?

गेल्या वर्षी समोरचे दोन दात हलू लागले. बोलताना पदर तोंडावर जाऊ लागला. चुलत नणंदेच्या हळदीला त्या मांडवात बसल्याच नाहीत, मागे भांड्यांपाशी बसून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “मना काय दुखत नाय गो, उगा कशाला डागतर?” पहिल्यांदा जवळच्या एका दवाखान्यात गेलो, तिथे गोळ्या मिळाल्या आणि ‘वय झालं, आता कवळी’ एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयाची वाट धरली. आमच्या गावाला दिवा-वसई मार्गावरचं कामण रोड स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्या. वेळ चुकली की रिक्षाने वसई रोड गाठायचं आणि तिथून लोकल. एका खेपेत अख्खा दिवस जातो. हजेरीवर काम करणाऱ्या घराला तो परवडत नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. डॉक्टर तिच्यात खुणा केलेली बारीक सळई घालून खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. सासूबाईंची काही ठिकाणी सात आणि आठ भरली. दातावर रोज बसणारा चिकट थर निघाला नाही की त्याचं दगडासारखं कीटण होतं. ते हिरडीच्या आत उतरतं, जंतू तळ ठोकतात आणि त्यांच्याशी लढता लढता आपलंच शरीर दाताखालचं हाड झिजवतं. गेलेलं हाड बहुतांशी परत येत नाही. म्हणजे दात किडलेला नसतो, चांगला धडधाकट असतो. त्याच्याखालची जमीन गेलेली असते.

हा रोग काही नवा नाही. सुश्रुताने मुखरोग पासष्ट सांगितले, त्यांत पंधरा दातांच्या मुळाशी होणारे. हिरड्या पिकून दात हलू लागतात आणि तोंडाला दुर्गंधी येते, अशा एकाला त्याने ‘उपकुश’ म्हटलं आहे. आज जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा तीव्र आजार असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. साखर! तीन महिन्यांची सरासरी 9.8. मधुमेह आणि हिरड्या यांचं भांडण दोन्हीकडून चालतं. साखर वाढली की हिरड्या लवकर सडतात आणि हिरड्यांतली सूज साखर ताब्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर ही सरासरी थोडी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, उतरते असं चाचण्यांत दिसलं आहे.

तीन दात काढावेच लागले. (‘वरचे दात काढले की नजर जाते’ हे शेजारणीने तिन्ही वेळा बजावलं. नजर शाबूत आहे.) बाकीच्यांची साफसफाई भूल देऊन, तोंडाचा एकेक भाग करत, चार खेपांत झाली. दोन ठिकाणी हिरडी उघडून आतून साफ करून टाके घातले.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. सूज उतरली, कीटण गेलं आणि दात लांब दिसू लागले. मध्ये फटी पडल्या, माठातलं पाणीसुद्धा झिणझिण्या आणू लागलं. सासूबाई संतापल्या. “चांगले व्हते ते खिळखिले केले!” दात साफ केल्याने ढिले होतात, ही समजूत गावोगाव आहे ती यातूनच. खरं म्हणजे कीटणाच्या बांधाने आणि सुजेने झाकलेलं नुकसान तेव्हा उघडं पडतं. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही टिकलो. नाहीतर दुसरी खेप झालीच नसती. रुग्णाला हे आधी सांगणं औषधाइतकंच मोलाचं आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

चुळा भरायच्या औषधाने दात तपकिरी झाले, चहाची चव गेली. दोन आठवडे पेज, मऊ भात, डाळीत भिजवलेली तांदळाची भाकरी. घरात जवळा परतला की त्या ओटीवर जाऊन बसत. आणि मिश्री! तिने सर्वांत जास्त छळलं. डोकं जड होई, पोट साफ होत नसे, चिडचिड होई. डबी दोनदा फडताळामागे सापडली. मी काही बोलले नाही, त्यांनीच ती तिसऱ्यांदा माझ्या हातात दिली. तोंडात बडीशेप धरायची, हातात काहीतरी काम घ्यायचं, असे दिवस काढले. नातू रोज रात्री मऊ ब्रश घेऊन समोर बसतो. हिरडीच्या कडेला तिरका धरायचा, घासायचं नाही, हलवायचं. फटींत घालायचा इवलासा ब्रश आधी त्यांना बाटली धुण्याचा वाटला होता.

सहा महिने झाले. रक्त थांबलंय. सात-आठच्या खाचा बहुतेक ठिकाणी चार-पाचवर आल्या आहेत. साखर 7.4 आहे, त्यात मोठा वाटा गोळ्यांचा, हे खरं. समोर काढता-घालता येणारे दोन दात बसवलेत. बोंबील अजून लांब आहे, पण सुकटीची चटणी चालते. आता दर तीन महिन्यांनी मुंबई सेंट्रलची खेप ठरलेली. खालच्या एका दाढेची खाच अजून सहा मिलिमीटर आहे. ती राहील की जाईल, हे डॉक्टर पुढच्या खेपेला सांगणार आहेत.