लहान मोरीत शॉवर

उरणच्या आमच्या जुन्या घरातली मोरी जेमतेम चार बाय चार फुटांची. अम्मींचे गुडघे धरले, तसे बालदीतून वाकून तांब्या भरणे त्यांना जमेना. म्हणून आम्ही शॉवर बसवायचे ठरवले.

प्लंबरने आधी छतावरची टाकी पाहिली. १ मीटर उंचीमागे पाण्याला ०.१ बारच दाब मिळतो. टाकी बुटकी असली की डोक्यावरच्या शॉवरला धार येत नाही. म्हणून लांब नळीचा हँड शॉवर कमरेइतक्या उंचीवर लावला. भिंतीला धरायला दांडी, खाली न घसरणारे स्टूल. फरशीचा उतार जाळीकडे आहे ना, तेही पाहिले.

राहिला प्रश्न पाण्याचा. उरणला पाणी रानसई धरणाचे. उन्हाळ्यात जपूनच वापरावे लागते. जोराचा शॉवर मिनिटाला १० लिटर पाणी ओततो, म्हणजे दोन मिनिटांत बालदी रिकामी. हजरत अनस (रजि.) सांगतात, प्रेषित (स.) एक साअ ते पाच मुद पाण्यात गुसल करत. एक साअ म्हणजे साधारण तीन लिटर. तेव्हा साबण लावताना नळ बंद, हा घरातल्या सर्वांसाठी नियम केला.

आता जुमाच्या सकाळी अम्मी कुणाला हाक न मारता सर्वांच्या आधी गुसल उरकतात.